मोटर हवी ती थांबायला

पत्र असं आहे:

‘काका, सप्रेम नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा. टेक्ससमध्ये फ्रिस्कोला येऊन ११ वर्षं झाली. लहानपणी कृष्णेच्या काठावर काठीला तंगूस बांधून मासे धरायचो, एवढाच माझा अनुभव. गेल्या डिसेंबरात हिंमत करून बास जातीचे मासे धरायची एक जुनी बोट, म्हणजे बास बोट, घेतली. १८ फुटी, फायबरग्लासची, मागे १५० हॉर्सपॉवरचं इंजिन. पुढच्या टोकाला आधीच्या मालकाची छोटी, विजेवर चालणारी ट्रोलिंग मोटर आहे, १२ व्होल्टची, ५५ पौंड रेट्याची. मार्चमध्ये रे रॉबर्ट्स तलावावर गेलो, तर वाऱ्याने आम्हाला सरळ पाण्यातल्या वठलेल्या झाडांत नेऊन अडकवलं. मोटर फुल्ल सोडलेली, तरी बोट मागे मागेच. दीड तासात बॅटरीने मान टाकली. माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, “बाबा, मोटर उलटी बसवलीय का?” दुकानदार म्हणतो ३६ व्होल्टची घ्या. ऑफिसातला मित्र म्हणतो मोटर ठेव, बॅटरी तेवढी बदल. बायको म्हणते, अडीच हजार डॉलरच्या वर एक सेंट मिळणार नाही. मे महिन्यात आई-बाबा येतायत आणि बाबांना बोटीतून न्यायचंच आहे. काय घेऊ? – एक नवखा नावाडी.’

नावाडीबुवा,

आधी तुमच्या चिरंजीवांना सांगा की मोटर सुलटीच होती. मात्र इतका नेमका प्रश्न तुमच्या दुकानदारालाही सुचला नाही. बोट उलटी का जात होती, याचं उत्तर मिळालं की काय घ्यायचं हे आपोआप कळतं.

सगळा घोळ या मोटरच्या नावापासून सुरू होतो. ‘ट्रोलिंग’ म्हणजे आमिष पाण्यात सोडून बोटीमागे ओढत नेणं. बासवाले यातलं काहीच करत नाहीत. बासच्या मोठ्या स्पर्धांत तर असं ओढत नेऊन मासा धरायला चक्क बंदी आहे. या मोटरचं खरं काम वेगळं. तुम्ही बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभे आहात, वीस-पंचवीस हातांवर एक वठलेलं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी मासा दबा धरून बसलाय असा तुमचा वहीम आहे, आणि तुम्हाला पाच-सहा वेळा त्याच जागी गळ टाकायचाय. तेवढा वेळ बोट तिथून हलता कामा नये. म्हणजे पैसे मोजायचे ते थांबण्यासाठी. पळायला मागे १५० घोडे आहेतच.

(आणि बाबांना आधीच सांगून ठेवा, ‘बास’ ऐकून जिताड्याची स्वप्नं पाहू नका म्हणावं. आपल्याकडचा जिताडा खाडीचा मासा, इंग्रजीत त्यालाही बासच म्हणतात, पण हा लार्जमाउथ वेगळ्याच कुळातला, गोड्या पाण्यातला. शिवाय इथले बरेच जण तो धरून, फोटो काढून परत सोडतात. माझे वडील आले होते तेव्हा हे पाहून दोन दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.)

आता हिशेब. कागद घ्या. तुमच्यासारख्या बोटीचा नुसता सांगाडा १,५०० पौंडांच्या आसपास भरतो. इंजिन ४३० धरा. २५ गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंड, झाले १५०. तीन बॅटऱ्या १८०. तुम्ही, वहिनी, मुलगा आणि बाबा मिळून ५३०. गळांच्या पेट्या, बर्फाची पेटी, नांगर, आणि आई काठावरून देतील तो डबा, १५०. बेरीज २,९४०, म्हणजे ३,००० पौंडच समजा. (चौघांना बसवण्याआधी चालकाच्या जागेजवळची क्षमतेची पाटी वाचा. २० फुटांच्या आतल्या मोटरबोटींवर ती असते. माणसं किती आणि एकूण वजन किती हे तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि तिथे घासाघीस चालत नाही.)

ट्रोलिंग मोटरची ताकद हॉर्सपॉवरमध्ये सांगत नाहीत, रेट्याच्या पौंडांत सांगतात. दुकानात त्याला थ्रस्ट म्हणतात. जुना आडाखा असा की भरलेल्या बोटीच्या दर १०० पौंडांमागे कमीत कमी २ पौंड रेटा हवा. तुमच्या ३,००० पौंडांना ६०. तुमच्याकडे ५५. म्हणजे बाबा बसले की वारा पडलेला असतानाही तुम्ही पाच पौंडांनी कमीच, आणि गेलात कधी, तर मार्चमध्ये! उत्तर टेक्ससमध्ये वसंतातला दक्षिणेचा वारा काय असतो ते तुमच्या कुंपणाच्या फळ्यांना विचारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १० मैलांचा वारा २० मैलांचा झाला की बोटीवरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वर बास बोटीचा तळ पुढे उथळ, सपाट, नाळ पानासारखी हलकी. वारा आधी तिलाच फिरवतो. ५५ पौंडांचं काय चालणार तिथे?

म्हणून आडाख्याचा आकडा हा किमान समजायचा आणि मोकळ्या तलावावर त्याच्या सव्वापट-दीडपट घ्यायचा. तुमच्यासाठी तो ८० पौंडांच्या आसपास येतो.

इथे व्होल्टचा प्रश्न परस्पर सुटतो, कारण पारंपरिक मोटरींत १२ व्होल्टवर साधारण ५५ पौंडांच्या वर कुणी जात नाही. ७० ते ८० पौंड २४ व्होल्टवर मिळतात, आणि १००-११२ साठी ३६ व्होल्ट लागतात. अलीकडच्या ब्रशलेस मोटरी २४ वरही जास्त रेटा देतात, पण त्या तुमच्या बजेटच्या पलीकडे आहेत. हे असं का, तेही ऐका. तुमची सध्याची मोटर फुल्ल सोडली की जवळजवळ ५० अँपिअर ओढते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास चालायला हवी, पण इतक्या जोरात उपसली की लेडची, म्हणजे शिशाची, बॅटरी कागदाएवढं देत नाही. दीड तास म्हणजे तिने इमानदारीत काम केलं! म्हणजे तुमच्या मित्राचा सल्ला बाद. बॅटरी बहुतेक निर्दोष आहे. तिला रिकाम्या मोटारीऐवजी ट्रक ओढायला लावला होता, एवढंच. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच कामाला अँपिअर निम्मे लागतात, तार कमी तापते आणि मोटर दिवसभर मधल्या गतीवर निवांत चालते.

आणि एक गैरसमज. ८० पौंडांची मोटर ५५च्या दीडपट वेगाने नेईल असं समजू नका. वेग पंख्याच्या पात्यांच्या पिळावर ठरतो. सगळ्याच ट्रोलिंग मोटरी ताशी तीन-चार मैलांच्या पुढे फारशा जात नाहीत. वाढलेल्या रेट्याचा फायदा वाऱ्यात कळतो, शांत पाण्यात नाही. दुकानासमोरच्या तळ्यात चालवून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, आणि तिथेच माणूस फसतो.

दुकानदाराच्या ३६ व्होल्टचं काय? खोटं बोलला नाही तो. २० ते २१ फुटी बोट असेल, मोठ्या तलावांवर स्पर्धा खेळत असाल, तर ३६ हवेच. पण १८ फुटी बोटीला मोटरसाठी तीन बॅटऱ्या, शिवाय इंजिनची चौथी, त्यांचं वजन, त्यांना जागा, चार बॅटऱ्यांचा चार्जर, आणि बहुतेक नवं वायरिंग. तुमची बोट जुनी, म्हणजे ती मुळातच २४ व्होल्टसाठी तारा टाकून आलेली असण्याचा संभव बराच आहे. मागचं झाकण उघडून मोटरच्या तारा किती जाड आहेत ते पाहा.

तेव्हा २४ व्होल्ट, ७० ते ८० पौंड. हे पक्कं.

आता पाण्यातला पंखा ज्याच्या टोकाला असतो त्या दांड्याची लांबी. हिच्याकडे लोक शेवटी बघतात आणि मग आयुष्यभर बोटं मोडतात. मीही मोडली आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी अर्ध्या किमतीत मिळाली म्हणून ४२ इंची दांड्याची मोटर घेतली आणि मोठ्या ऐटीत लेक फोर्कवर गेलो. डॅलसपासून पूर्वेला दीडएक तासावर, २७,००० एकरांचा तलाव, आत बुडालेलं जंगल. टेक्ससचा लार्जमाउथचा विक्रम, १८.१८ पौंडांचा, १९९२च्या जानेवारीत तिथलाच. सकाळी पाणी काचेसारखं होतं, सगळं छान. दहा वाजता वारा सुटला. लाट आली की नाळ वर जायची, पंखा पाण्याबाहेर यायचा आणि घर्रर्र असा आवाज करून हवेत फिरायचा. नाळ खाली आली की पुन्हा पाण्यात. दर तीन सेकंदांनी घर्रर्र. एक मैलाच्या परिघातला एकही बास जागेवर राहिला नसेल. शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्याने टोपी काढून मला सलाम केला.

म्हणून मोजा. बोट पाण्यात, सगळी माणसं आत, पेट्रोल भरलेलं, असं सगळं असताना मोटर जिथे बसते त्या पृष्ठभागापासून पाण्यापर्यंत टेप सोडा. ट्रेलरवर उभ्या बोटीचं माप कामाचं नाही. हे अंतर १० ते १६ इंच असेल तर साधारण ४२-४५ इंची दांडा, १६ ते २२ असेल तर ५२-५४ इंची, असे कंपन्यांचे तक्ते सांगतात. तुमचं माप सीमेवर पडलं तर लांब घ्या. लांब दांडा वर ओढून घट्ट करता येतो. आखूड दांड्याला खेचून लांब करता येत नाही. पंखा पाण्याखाली फूटभर तरी हवा.

चालवण्याचा प्रकार हा मात्र आवडीनिवडीचा भाग, आणि त्यात माझा पक्षपात आहे, तो आधीच कबूल करतो. जुनी पद्धत पाय-पेडलची, ज्यात पेडलपासून मोटरपर्यंत लोखंडी केबल जाते. पंजा दाबला की उजवीकडे, टाच दाबली की डावीकडे. आमच्या आईच्या शिलाई मशीनचं पायटं आठवतं मला ते वापरताना. मनात आलं की पाय वळलेला असतो, मध्ये काही नाही. झाडांतून वाट काढायची तर याच्यासारखं दुसरं काही नाही. दुसरी पद्धत विजेवर वळणारी. पेडल किंवा हातातला रिमोट फक्त इशारा देतो, वळवायचं काम छोटी मोटर करते. तिला किंचित उशीर लागतो आणि बारीक गुरगुरही असते. पण तिच्यासोबत जीपीएसचा नांगर मिळतो. बटण दाबलं की मोटर स्वतःच उपग्रहावरून जागा ओळखते आणि स्वतःच पुढेमागे होत बोट तिथेच धरून ठेवते. साधारण २०१० पासून ही सोय बाजारात आहे. आता केबलची चटकन वळण्याची सवय आणि जीपीएसचा नांगर दोन्ही एकत्र असलेल्या मोटरीही मिळतात, पण त्यांची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास किंवा पुढेच. म्हणजे वहिनींचा सेंट तिथे फुटतोय.

मी माझ्यासाठी आजही केबलच घेईन. तुमच्यासाठी नाही. कारण तुमच्या बोटीत नऊ वर्षांचा मुलगा आणि पहिल्यांदाच येणारे वडील आहेत. मुलाच्या गळाला मासा लागला की तुम्हाला पेडलवरचा पाय काढून जाळी घ्यावी लागणार. बाबांचा तंगूस झाडात अडकणार, नक्की अडकणार, आणि तुम्हाला मागे जावं लागणार. तेवढ्या वेळात वारा काय करतो ते मार्चमध्ये पाहिलंत. बटण दाबून बोट जागेवर उभी राहिली तर तुमचे दोन्ही हात मोकळे. फक्त हे लक्षात ठेवा की जीपीएसचा नांगर फुकट काम करत नाही. जोराच्या वाऱ्यात तो मोटर सतत पळवतो आणि बॅटरी खातो. तासभर एका जागी बसून डबा खायचा असेल तर खरा लोखंडी नांगर टाका.

बॅटऱ्यांकडे येऊ. साताऱ्याच्या घरी लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टर होता का? त्याची बॅटरी आणि गाडीची बॅटरी वेगळी असायची, आठवतंय? गाडीची बॅटरी एका झटक्यात इंजिन फिरवते आणि मग आराम करते. इन्व्हर्टरची हळूहळू, तासन् तास देते. ट्रोलिंगला ही दुसऱ्या जातीची हवी. इथे तिला डीप सायकल म्हणतात. अशा दोन घ्या, ग्रुप ३१ मापाच्या, एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी. जुनी एक आणि नवी एक जोडायचा मोह होईल, कारण तुमची जुनी निर्दोष आहे असं मीच वर म्हटलंय. नका करू. साखळीत जोडल्यावर अशक्त बॅटरी सशक्त बॅटरीलाही खाली ओढते. जुनीला ध्वनिलहरींनी मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यासाठी ठेवा. मोटरच्या बॅटरीवर पडदा चालवला की त्यात खरखर येते, ती तक्रारही मिटेल.

साखळी म्हणजे पहिलीचं अधिक टोक दुसरीच्या उणे टोकाला, आणि उरलेल्या दोन टोकांवर २४ व्होल्ट. त्या दोनांपैकी एकीवरून १२ व्होल्टची कुठलीही वस्तू चालवायची नाही, साधा दिवासुद्धा नाही.

लेड की लिथियम? लिथियम हलकी असते. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी २५-३० पौंडांची, तर तेवढीच लेडची ६०-७०. शिवाय लेडची अर्धी वापरली की थांबलेलं बरं, लिथियम जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण लिथियमला तिच्यासाठीचा चार्जर लागतो आणि शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करायची नाही. २०२१च्या फेब्रुवारीतल्या त्या भयंकर थंडीत आपले गॅरेज किती गार पडले होते, आठवा. तुमच्या बजेटमध्ये या वर्षी चांगल्या लेडच्या घ्या. घरी आलात की त्याच रात्री चार्जिंगला लावा. रिकामी लेड बॅटरी आठवडाभर पडून राहिली तर आतल्या पत्र्यांवर लेड सल्फेटचा थर धरतो, आणि तो सहसा जात नाही. मी पाहिलेल्या मेलेल्या बॅटऱ्यांपैकी बहुतेक तलावावर नाही मेल्या, गॅरेजमध्ये मेल्या.

वायरिंगवर पैसे वाचवू नका. बॅटरीपासून नाळेपर्यंत सहा नंबरची तांब्याची तार असू द्या (इथल्या मापात आकडा लहान तेवढी तार जाड), आणि बॅटरीच्या जितकं जवळ जमेल तितकं ६० अँपिअरचं ब्रेकर. नाळेवरचा प्लग उघडून पाहा. माझ्या दुसऱ्या बोटीत तोच काळा पडला होता. मोटर अधूनमधून मरायची, मी मोटरलाच शिव्या घालत होतो. एका दुपारी प्लगला हात लागला आणि चटका बसला. आत एक स्क्रू अर्धा फेरा सैल होता. एवढ्याशा सैलपणामुळे तिथे उष्णता साचत गेली आणि प्लास्टिक वितळायला लागलं होतं. वीस डॉलरची वस्तू. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येक जोड हाताने हलवून बघायचा.

पैशांचं ढोबळ गणित असं: २४ व्होल्टची, ७०-८० पौंडांची, विजेवर वळणारी, जीपीएस नांगराची मोटर सोळाशे ते अठराशेच्या घरात. दोन लेड बॅटऱ्या मिळून चारशे ते पाचशे. बोटीवर बसवायचा चार्जर, ब्रेकर, तारा यांना उरलेले. अडीच हजारांत बसतं, कुरकुरत का होईना. वहिनींना चहाबरोबर सांगा.

वापरलेली मोटर घेतली तर आणखी वाचतात, पण एक गोष्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. पंख्याची नट सोडून पंखा बाहेर काढा आणि दांडीच्या मुळाशी बघा. तिथे तंगुसाचे वेढे बसलेले दिसले तर मालकाने कधी पंखा उघडलेला नाही. ते वेढे रबराच्या सीलमध्ये कापत जातात, पाणी आत शिरतं आणि मोटर आतून गंजते. मग पंखा हाताने फिरवा. सरसर फिरला तर ठीक, खरखरला तर नमस्कार करा आणि घरी या. तुमच्या नव्या मोटरचंही हेच, दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पंखा काढायचा. नऊ वर्षांच्या मुलाला हे काम द्या, त्याला आवडेल.

थोडी मोटरबाहेरची कामं. मोठं इंजिन चालू करण्याआधी ट्रोलिंग मोटर वर घेऊन पट्ट्याने आवळा. ४० मैलांच्या वेगात ती निसटून पाण्यात पडली तर मोटरही जाते आणि नाळही. टेक्ससमध्ये १३ वर्षांखालच्या मुलाने चालत्या किंवा वाहत्या बोटीत लाइफ जॅकेट घालायचंच असतं. बाबांनाही घाला, त्यांना कृष्णेत पोहता येत होतं हे कारण चालणार नाही. त्यांना पाहुण्यांचं फिशिंग लायसन्स काढा, एका दिवसाचंही मिळतं. आणि रे रॉबर्ट्समध्ये झेब्रा शिंपले आहेत, तेव्हा निघताना बोटीतलं सगळं पाणी काढून टाका. तो कायदाच आहे, आणि ते शिंपले दुसऱ्या तलावात तुमच्या बोटीने पोहोचायला नकोत.

ही सगळी यंत्रं पाहून बाबा विचारतीलच, ‘हे कोणी काढलं?’ तर सांगा, १९३४ साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने फोर्डच्या मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर काढून तिला लवचीक दांडा आणि पंखा जोडला. गाडीच्या जुन्या मोटरवर बोट चालवायची. बाबांना हे पटेल. सातारकरांना जुगाड समजावून सांगावा लागत नाही.

आता एवढं करा. येत्या रविवारी वारा असो-नसो, चौघांऐवजी तुम्ही तिघं आणि बाबांच्या जागी पाण्याचे चार मोठे कॅन घेऊन बोट पाण्यात उतरवा, नाळेवरून टेप सोडा आणि आकडा लिहून आणा. तो मिळेपर्यंत दुकानात जाऊ नका. गेलात की तो दुकानदार तुम्हाला पुन्हा ३६ व्होल्टवर नेऊन बसवेल.

आणि मोटर घ्याल तेव्हा पंख्याची पिन आणि नट जादा मागा, प्रत्येकी दोन. पंखा बुंध्यावर आदळला की सगळ्यात आधी पिन तुटते, तिचं कामच ते. एक जोडी पान्यासकट गळाच्या पेटीत ठेवा आणि दुसरी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, कारण पेटीतली पहिली जोडी चिरंजीव दुसऱ्याच फेरीत पाण्यात पाडणार.